एबीसीए-१ ची अँटिबॉडी: २५० वर काहीच नाही, १०० वर मात्र ठळक बँड. कुणाला अनुभव आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे जीवशास्त्रातले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. मी पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅक्रोफेज (शरीरातला कचरा गिळणाऱ्या) पेशींमधून जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर कसं पडतं, हा माझा विषय. त्यातलं मुख्य पात्र म्हणजे एबीसीए-१ हे प्रथिन. ते पेशीच्या पटलात बसतं, आतलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड बाहेर काढतं आणि बाहेर फिरणाऱ्या अपोए-१ या प्रथिनाच्या हवाली करतं. आपण रिपोर्टमध्ये ज्याला एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणतो त्याची सुरुवात इथे होते.

हे प्रथिन मला वेस्टर्न ब्लॉटवर दाखवायचंय. ज्यांनी ब्लॉट केला नाही त्यांच्यासाठी सांगते: पेशींमधली सगळी प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, ती मेंब्रेनवर उतरवायची, मग हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घालायची. तिच्यावर दुसरी, एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी. जिथे प्रकाश दिसेल तिथे आपलं प्रथिन. निदान अपेक्षा तरी तशी असते.

एबीसीए-१ मध्ये २२६१ अमिनो आम्लं आहेत, वजन साधारण २५४ किलोडाल्टन. मला २५० जवळ काहीच दिसत नाही. १०० च्या आसपास मात्र छान काळा बँड येतो, आणि वेलच्या (जेलमध्ये सॅम्पल घालायच्या खाचेच्या) तोंडाशी एक काळपट फराटा. चार ब्लॉट झाले, चारही असेच. अँटिबॉडी सशाची पॉलिक्लोनल (सशाच्या रक्तातलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) आहे, यायला सात आठवडे लागले आणि किंमत माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त. गाईड म्हणतात, १०० वरचा तुटलेला तुकडा असेल, तोच मोज. माझं मन घेत नाही.

पद्धत: टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशी), पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज केलेल्या. पेशी फोडायला रिपा बफर. ९५ अंशांवर ५ मिनिटं. १० टक्के जेल. सेमी-ड्राय ट्रान्सफर ४५ मिनिटं. दुधात ब्लॉकिंग. प्रायमरी (पहिली अँटिबॉडी) १:१०००, रात्रभर ४ अंशांवर.

अँटिबॉडी खराब आहे का माझा हात?

टिपकागद

तुझा हात नाही आणि कदाचित अँटिबॉडीही नाही. सॅम्पल उकळू नकोस!

पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं एसडीएसमध्ये (सॅम्पलमधल्या साबणासारख्या पदार्थात) उकळली की त्यांचे तेलकट भाग एकमेकांना चिकटतात आणि गठ्ठे होतात. ते गठ्ठे जेलमध्ये शिरतच नाहीत, वेलच्या तोंडाशी अडकून बसतात. तू ज्याला फराटा म्हणतेस तोच बहुधा तुझा एबीसीए-१. ३७ अंशांवर २० मिनिटं ठेव, नाहीतर नुसतं खोलीच्या तापमानाला.

कोकम_सरबत

माझा हा प्रांत नाही, मी बँकेत आहे. पण वाचताना एक प्रश्न पडला. एवढे पैसे घेऊन कंपनी बाटली देते, त्यावर प्रथिनाचं नाव छापलेलं असतं, तर ती त्यालाच चिकटते की नाही हे विकत घेणाऱ्याने का तपासायचं? आम्ही खोटी नोट ओळखायचं यंत्र घेतलं तर ते चालतं का हे ग्राहकाने शोधावं असं कुणी म्हणत नाही.

केळफूल

कोकम, प्रश्न अगदी मर्मावर आहे. त्यावर सविस्तर लिहिते, संध्याकाळी. आत्ता पेशी वाट बघतायत.

भीमथडी

टिपकागद, थोडा असहमत. आमच्या लॅबमध्ये एबीसीए-१ ची सॅम्पलं उकळूनच लावतात आणि बँड येतो. रानजाईची खरी चूक जेलमध्ये आहे. २५४ किलोडाल्टनचं प्रथिन १० टक्के जेलमध्ये म्हणजे गवताची गंजी भरलेला ट्रॅक्टर बोळातून न्यायचा. ६ टक्के जेल घे किंवा ३ ते ८ चा ट्रिस-अ‍ॅसिटेट ग्रेडियंट. आणि सेमी-ड्रायवर ४५ मिनिटांत एवढं मोठं प्रथिन मेंब्रेनवर उतरणारच नाही. वेट ट्रान्सफर कर, रात्रभर, थंडीत, कमी व्होल्टेजवर. मेथॅनॉल २० वरून १० टक्क्यांवर आण. मेथॅनॉल जास्त झालं की जेल आकसतं आणि मोठी प्रथिनं आत अडकतात.

टिपकागद

जेल आणि ट्रान्सफरबद्दल शंभर टक्के मान्य, ते लिहायचं राहिलं. उकळण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमच्याकडे बँड येतो, पण उकळला नसता तर किती आला असता हे कधी शेजारी शेजारी लावून पाहिलंय? आम्ही पाहिलंय. उकळलेल्यातही बँड होता, पण फिका.

भीमथडी

शेजारी शेजारी नाही लावलं कधी. हे मात्र खरं. या आठवड्यात लावतो.

ओसरी

निवृत्त माणूस आहे. उमेदीची बरीच वर्षं रक्तद्रव्य आणि प्रतिविषाच्या कामात गेली, म्हणून चार ओळी.

तुम्ही मुली-मुलं बाटलीला अँटिबॉडी म्हणता, आम्ही सिरम म्हणायचो, आणि सिरम कुठल्या जनावराचं हे आधी विचारायचो. हाफकिनचं सर्पविषावरचं औषध घोड्यांपासून होतं. घोड्याला विषाच्या छोट्या छोट्या मात्रा देत जायचं, मग त्याच्या रक्तातून प्रतिपिंडं मिळवायची. दोन घोड्यांना तेच विष, तीच मात्रा दिली तरी दोघांचं सिरम सारखं येत नाही. एकाचं जोरकस, एकाचं बेताचं. म्हणून प्रत्येक खेपेची ताकद मोजल्याशिवाय माल बाहेर जात नसे.

सशाच्या पॉलिक्लोनलचंही तेच. एका सशाचं सिरम संपलं की दुसरा ससा. लेबल तेच, कॅटलॉग नंबर तोच, पण आतला माल बदललेला. रानजाई, तुझ्या बाटलीवर लॉट नंबर, म्हणजे खेपेचा नंबर, असेल. तो बघ आणि कंपनीने दाखवलेलं चित्र त्याच लॉटचं आहे का, विचार.

१९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटिबॉडी काढायची रीत दाखवली, १९८४ ला नोबेल मिळालं. मोनोक्लोनल आल्यावर आम्हाला वाटलं, आता हा प्रश्न मिटला. मिटला नाही. खेपा सारख्या येऊ लागल्या एवढंच. चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी मोनोक्लोनल दर खेपेला तितक्याच निष्ठेने चुकीच्याच प्रथिनाला चिकटते.

अबोलीचा_गजरा

ओसरीकाका, शेवटचं वाक्य आमच्या लॅबच्या फ्रिजवर चिकटवतेय.

केळफूल

आता निवांत लिहिते. मी बॉस्टनला पोस्टडॉक करते, कोलेस्टेरॉलच्याच वाहतुकीवर, पण माझं प्रथिन एनपीसी-१. लायसोसोममधून कोलेस्टेरॉल बाहेर काढणारं. ते बिघडलं की निमन-पिक सी हा आजार होतो, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. (जाता जाता: २०११ साली कळलं की इबोला विषाणू पेशीत शिरायला हेच एनपीसी-१ वापरतो. कुठलं प्रथिन कुठे भेटेल सांगता येत नाही.)

माझी गोष्ट. मी एका अँटिबॉडीवर आठ महिने काम केलं. बँड सुंदर, अपेक्षित जागी, दर वेळी. औषध दिलं की वाढायचा, काढलं की कमी व्हायचा. मग शेजारच्या लॅबने क्रिस्परने (जनुक कापायच्या तंत्राने) एनपीसी-१ काढून टाकलेल्या पेशी दिल्या. त्या लावल्या. बँड जसाच्या तसा! प्रथिन नव्हतंच तिथे आणि बँड होता. त्या रात्री मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. आठ महिन्यांचे आलेख कुठल्या तरी अनोळखी प्रथिनाचे होते.

म्हणून कोकम यांना उत्तर: हो, तपासावं लागतं, आणि हे अन्यायाचं आहे. नोटेच्या यंत्राला खरी आणि खोटी दोन्ही नोटा दाखवून बघता येतं. अँटिबॉडीची 'खोटी नोट' म्हणजे ते प्रथिन नसलेली पेशी. अनेक कंपन्या अनेक वर्षं फक्त खरी नोट दाखवून माल विकत होत्या. आता चित्र बदलतंय. २०१६ मध्ये काही संशोधकांनी मिळून तपासणीच्या पाच वाटा सुचवल्या. जनुक काढून बघणं. अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी ताडणं. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीशी जुळवणं. शेपूट जोडलेलं प्रथिन पेशीत घालून बघणं. आणि अँटिबॉडीने ओढून काढलेल्या मालाची मास स्पेक्ट्रोमेट्री. पाचही कराव्या असं नाही, पण एक तरी, आणि ती स्वतःच्या पेशींमध्ये.

रानजाई, तुझं मन घेत नाहीये ना? त्या मनाचं ऐक.

नदीकाठचा

+१. आणि १०० चा बँड 'तुटलेला तुकडा' हे उत्तर फार सोयीचं आहे. एबीसीए-१ तुटतं हे खरं, त्याचं आयुष्य एक-दोन तासांचंच, कॅल्पेन नावाचं एन्झाइम त्याला कापतं. पण तुकडाच असेल तर अख्खं प्रथिन वाढल्यावर तुकडाही बदलायला हवा. तो ढिम्म असेल तर संशय घ्या.

अबोलीचा_गजरा

थोडं अवांतर चालेल का? बाबांचं एचडीएल २६ आलंय. एबीसीए-१ बिघडलं तर एचडीएल कमी होतं असं वाचलं आणि काळजी वाटायला लागली. लॅबमध्ये असले तरी मी वनस्पतींवर काम करते, यातलं कळत नाही.

वैद्यबुवा_मिरज

काळजी करू नका. एबीसीए-१ च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर टँजियर आजार होतो, पण तो अतिशय दुर्मीळ आहे आणि त्यात एचडीएल जवळजवळ शून्यावर येतं. २६ हा आपल्याकडे रोज दिसणारा आकडा आहे. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त आढळलेला दोष कमी एचडीएल हाच होता. पोटाचा घेर, साखर, ट्रायग्लिसराइड, तंबाखू, हे आधी बघा आणि बाबांना तुमच्या डॉक्टरांकडे न्या.

टँजियरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हे टँजियर मोरोक्कोतलं नव्हे, अमेरिकेत व्हर्जिनियाजवळ चेसापीकच्या खाडीत याच नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका मुलाचे टॉन्सिल काढले तर ते नारिंगी पिवळे निघाले. कोलेस्टेरॉलने गच्च भरलेले! त्याच्या बहिणीचेही तसेच. १९६१ साली डोनाल्ड फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी हा आजार मांडला. जनुक सापडायला १९९९ उजाडलं, आणि तेव्हा तीन गटांनी एकाच महिन्यात, एकाच नियतकालिकात तेच उत्तर दिलं. मी विद्यार्थ्यांना अजून सांगतो, घसा बघताना टॉन्सिलचा रंगही बघा.

कोकम_सरबत

नारिंगी टॉन्सिल! बँकेच्या कामात असलं काही वाट्याला येत नाही. वाचतोय, चालू राहू द्या.

नदीकाठचा

आणि कोंबड्या! विस्कॉन्सिनमध्ये एक कोंबड्यांचा वाण होता, त्यांच्या रक्तात एचडीएल जवळपास नव्हतं आणि कातडी पांढरीफटक. कातडीचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडमुळे येतो आणि कोंबडीत ते एचडीएलवर स्वार होऊन फिरतात. एचडीएल नाही म्हणून रंग नाही. पुढे कळलं की त्यांच्यातही एबीसीए-१ च बिघडलेलं. निसर्गाने तयार करून दिलेला नॉकआउट, म्हणजे जनुक निकामी झालेला प्राणी.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ६ टक्के जेल आणि वेट ट्रान्सफर उद्याच लावते, उकळलेलं आणि न उकळलेलं दोन्ही.

केळफूलताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नॉकआउट पेशींना आमच्याकडे पैसे नाहीत, गाईडनी स्पष्ट सांगितलंय. एलएक्सआर अ‍ॅगोनिस्ट (टी०९०१३१७, एलएक्सआर हा जनुकांचा स्विच चालू करणारं औषध) मात्र फ्रीजरमध्ये आहे. ते दिलं की एबीसीए-१ खूप वाढतं. वाढलेला बँड म्हणजे एबीसीए-१, एवढा पुरावा पुरेल का?

केळफूल

अर्धा पुरावा. ते द्यायलाच हवं, कारण नुसत्या पीएमएवर प्रथिन कमी असू शकतं. पण एलएक्सआर एकटं एबीसीए-१ वाढवत नाही. एबीसीजी-१ वाढतं, चरबी बनवणारी जनुकं वाढतात. औषधाने वाढलेला प्रत्येक बँड तुझाच असं नाही. माझाही वाढायचा, वर लिहिलंय बघ.

आणखी एक. एबीसीए-७ हा याचा सख्खा भाऊ. २१४६ अमिनो आम्लं, म्हणजे जेलवर जवळपास त्याच उंचीला, आणि क्रमात निम्म्याहून जास्त साम्य. तुझी अँटिबॉडी कुठल्या पेप्टाइडवर बनवली आहे ते माहितीपत्रकात बघ आणि तो तुकडा एबीसीए-७ शी ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम, फुकट.

पैसे नसतील तर एसआय-आरएनए (जनुकाचा संदेश दाबणारे छोटे आरएनए). टीएचपी-१ मध्ये ते घालणं जिकिरीचं असतं, हेप-जी२ मध्ये सोपं आहे आणि यकृताच्या पेशी म्हणून एबीसीए-१ ही असतं. बँड पूर्ण जाणार नाही, पण खाली आला पाहिजे.

टिपकागद

किंवा एचईके-२९३ पेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं एबीसीए-१ घाल. प्लाझ्मिड मागितलं तर लोक देतात. मूळच्या एचईकेमध्ये हे प्रथिन फार कमी असतं, त्यामुळे रिकामी लेन आणि भरलेली लेन लख्ख वेगळी दिसते. जीएफपीमुळे बँड २७ किलोडाल्टन वर सरकेल. त्याच मेंब्रेनवर जीएफपीची अँटिबॉडी लावून तीच जागा दाखव.

सुपारीची_बाग

वाचताना एक छोटी गोष्ट खटकली. प्रायमरी साठवून पुन्हा वापरतेस का? आमच्याकडे जंतू वाढू नयेत म्हणून अ‍ॅझाइड घालून ठेवायची पद्धत होती. अ‍ॅझाइड एचआरपीला, म्हणजे सेकंडरी (दुसऱ्या) अँटिबॉडीवरच्या एन्झाइमला, मारतं. प्रायमरीत चालतं, कारण नंतर आपण धुतो, पण सेकंडरीच्या बफरमध्ये चुकून गेलं की ब्लॉट कोरा. माझे दोन महिने त्यात गेले.

अँटिबॉडी आली त्या दिवशीच छोट्या छोट्या भागांत वाटून ठेव. दर वेळी अख्खी बाटली वितळवून पुन्हा गोठवली की ती मरत जाते. आणि अ‍ॅक्टिन लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखाच माल आहे हे दाखवणारं प्रथिन) म्हणून ६ टक्के जेलवर पळून जाईल, ४२ चं असतं ते. विन्क्युलिन घे किंवा सोडियम-पोटॅशियम एटीपेज.

भीमथडी

शेजारी शेजारी लावलं. टिपकागद, तुमचं बरोबर. उकळलेल्या लेनमध्ये बँड आहे पण न उकळलेल्याच्या पुढे अगदी फिका, आणि वेलमध्ये माल अडकलेला स्पष्ट दिसतो. इतकी वर्षं आम्ही तो फेकत होतो. आमच्या लॅबची लिहिलेली पद्धत आज बदलली.

टिपकागद

लावून पाहिलंत आणि इथे येऊन सांगितलंत, फार बरं वाटलं.

बुलडाणेकर_संज्या

माझा वेगळा त्रास. मला फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरची अँटिबॉडीची चमक मोजणं) करायची आहे, जिवंत पेशींवर. ब्लॉटवर उत्तम चालणारी एबीसीए-१ ची अँटिबॉडी फ्लोमध्ये शून्य. का?

केळफूल

संज्या, ती बहुधा शेपटाकडच्या पेप्टाइडवर बनवलेली असेल, आणि शेपूट पेशीच्या आत असतं. जिवंत पेशीत अँटिबॉडी आत शिरतच नाही. एबीसीए-१ चे बाहेर डोकावणारे दोन मोठे लूप आहेत, २०१७ च्या क्रायो-ईएम (प्रथिन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या) रचनेत ते छान दिसतात. त्या लूपवर बनवलेली शोध. शिवाय ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, पेशीत घडी घातलेलं. एका कामात पास झालेली अँटिबॉडी दुसऱ्या कामात पास होईलच असं नाही. प्रत्येक कामासाठी वेगळी परीक्षा.

रानजाई

तीन आठवड्यांनी येतेय.

आधी निकाल. ६ टक्के जेल, वेट ट्रान्सफर, १० टक्के मेथॅनॉल, ३७ अंशांवर २० मिनिटं. २५० च्या जरा खाली बँड आला! पीएमएच्या लेनमध्ये पुसट, एलएक्सआर अ‍ॅगोनिस्टच्या लेनमध्ये काळाकुट्ट. उकळलेल्या लेनमध्ये जवळजवळ नाहीच, फराटा तेवढा. पेप्टाइड शेपटाकडचं आहे आणि एबीसीए-७ शी फारसं जुळत नाही.

मग शेजारच्या लॅबमधल्या सिनिअर ताईंनी हेप-जी२ आणि एसआय-आरएनए दिलं. वरचा बँड निम्म्याहून खाली आला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा. आणि १०० चा बँड तिन्ही वेळा जसाच्या तसा. औषधालाही तो हलत नाही. तो एबीसीए-१ नाही, तुकडाही नाही.

आता जे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नव्हतं ते. पहिल्या वर्षाच्या समितीपुढे मी त्याच १०० च्या बँडचा स्तंभालेख दाखवला होता. सगळ्यांनी मान डोलावली होती. काल गाईडना दोन्ही ब्लॉट शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, पुढच्या बैठकीत पहिली स्लाइड हीच ठेव, मी सोबत बोलेन. समिती १४ तारखेला आहे. पोटात गोळा आहे, पण रात्री झोप लागली.

केळफूल

दोन्ही ब्लॉट अख्खे दाखव, कापू नकोस. वेलपासून खालपर्यंत. १०० चा बँडही दिसू दे आणि त्याच्यावर बाण करून 'अविशिष्ट' असं लिही. माझ्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

वैद्यबुवा_मिरज

रानजाई, शाब्बास. १४ ला काय झालं ते इथे नक्की कळव.

ओसरी

लॉट नंबर वहीत लिहिलास का, पोरी? बाटली संपत आली की तोच लॉट शिल्लक आहे का विचार आणि असेल तर आणखी एक घेऊन ठेव. नवीन लॉट आलाच तर जुन्यातला थोडा भाग राखून ठेव, एका मेंब्रेनचे दोन भाग करून दोन्ही लावता येतील.

रानजाई

लिहिलाय काका. वहीत आणि बाटलीच्या अंगावरही. आधी झाकणावर लिहिला होता, उणे वीसमध्ये पुसला गेला.